टेन्स मशीन घरी वापरताय? पॅड, पल्स, करंट आणि नेहमीचे घोळ

मणकेबुवा

कंबर, मान, गुडघा यांच्या प्रत्येक धाग्यावर कुणीतरी लिहितंच, "टेन्स घेतलं होतं, फरक नाही पडला, माळ्यावर टाकलं." अशी बरीच मशीनं निर्दोष असतात. करंट कमी ठेवलेला असतो, पॅड भलतीकडे असतात, नाहीतर दुखणंच टेन्सने भागणारं नसतं. म्हणून हा वेगळा धागा.

टेन्स म्हणजे पॅड लावून दुखणं दाबायचं छोटं विजेचं मशीन. तत्त्व असं: त्वचेवरून विजेचे छोटे ठोके देऊन स्पर्शाच्या जाड नसा जाग्या करायच्या. मेलझॅक आणि वॉल या वेदनेच्या संशोधकांनी १९६५ साली गेट कंट्रोल सिद्धांत मांडला. या जाड नसांची वर्दी मज्जारज्जूत पोचली की वेदनेच्या बारीक नसांची वर्दी तिथल्या तिथे दबते, असं त्याचं म्हणणं. १९६७ मध्ये वॉल आणि स्वीट यांनी माणसांवर ते करून पाहिलं. शरीरातली स्वतःची अफूसारखी रसायनंही यात भाग घेतात, हे पुढे कळलं. थोडक्यात, टेन्स दुखणं दाबतं. झिजलेला गुडघा किंवा सरकलेली चकती त्याने जागेवर येत नाही.

मशीनवर तीन गोष्टी ठरवायच्या असतात: दर सेकंदाला ठोके किती (हर्ट्झ), एक ठोका किती रुंद (मायक्रोसेकंद) आणि जोर किती (मिलिअँपिअर). सुरुवात अशी करा:

साधा मोड: ८० ते १२० हर्ट्झ, रुंदी ५० ते १०० मायक्रोसेकंद. जोर इतका की झिणझिण्या ठसठशीत लागाव्यात, पण स्नायू उडू नये आणि टोचू नये. वेळ ३० ते ४० मिनिटं. आराम लगेच येतो आणि मशीन बंद केल्यावर बऱ्याचदा लवकर ओसरतो.

सावकाश मोड: २ ते ४ हर्ट्झ, रुंदी १५० ते २५०. यात स्नायू टुकटुक उडताना दिसला पाहिजे. आराम उशिरा येतो, पण थोडा जास्त टिकतो. २० ते ३० मिनिटं पुरे.

सगळ्यात मोठा घोळ जोराचा. लोक "जरा मुंग्या आल्या" की थांबतात. पाच-दहा मिनिटांत नस सरावते आणि मुंग्या विरतात. तेव्हा जोर पुन्हा वाढवायचा असतो आणि तेच कुणी करत नाही. नुसत्या जाणवेल-न-जाणवेलशा करंटवर अर्धा तास पडून राहणं म्हणजे अर्धा तास पडून राहणं, बाकी काही नाही.

---

नऱ्हे ते नाना पेठ

पॅड नेमके कुठे लावायचे? मशीनबरोबरच्या कागदावर माणसाच्या चित्रावर सगळीकडे चौकोन छापलेले असतात, त्यातून काही कळत नाही.

---

मणकेबुवा

तो कागद बाजूला ठेवा. दुखरी जागा दोन पॅडांच्या मधे आली पाहिजे, किंवा दोन्ही पॅड त्याच नसेच्या वाटेवर हवेत. दोन पॅडांच्या कडांत निदान एका पॅडाएवढं अंतर सोडा. फार जवळ लावले तर करंट वरच्यावर त्वचेतूनच जातो आणि टोचतो.

कंबर: मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या स्नायूंवर. दोन चॅनेल (चॅनेल म्हणजे दोन पॅडांची एक जोडी) असतील तर एक चॅनेल डावीकडे, एक उजवीकडे, पॅड उभे. मणक्याच्या हाडावर पॅड बसतही नाही आणि उपयोगही होत नाही.

पायात उतरणारी कळ: एक पॅड कमरेच्या तळाशी त्या बाजूला, दुसरा कुल्ल्यावर किंवा पोटरीच्या बाहेरच्या अंगाला, कळ जिथून जाते तिथे.

गुडघा: चार पॅड, वाटीच्या वर दोन, खाली दोन. तारा फुलीसारख्या जोडा, म्हणजे एका चॅनेलचा एक पॅड वर-आत आणि दुसरा खाली-बाहेर.

मान: मागच्या बाजूला, खांद्याकडे उतरणाऱ्या जाड स्नायूवर. गळ्याच्या पुढे किंवा कडेला कधीही नाही. तिथे कॅरोटिड सायनस, म्हणजे मानेच्या धमनीतली रक्तदाब ओळखणारी जागा, असते. ती डिवचली तर रक्तदाब आणि नाडी एकदम उतरू शकते.

आणि एक, टेन्स लावून आडवं पडू नका. चाला, जिना चढा, फिजिओने दिलेले व्यायाम करा. हालचाल करताना होणारं दुखणं दाबण्यासाठीच त्याचा खरा उपयोग आहे.

---

शंकासुर

पण मग ब्रिटनच्या नाइसचं, म्हणजे उपचारांच्या मार्गदर्शिका काढणाऱ्या तिथल्या संस्थेचं काय? कंबरदुखीच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत टेन्स देऊ नका असं स्पष्ट आहे. २०२२ मध्ये गुडघ्याच्या झिजेसाठीही तेच सांगितलं. आणि आपल्याकडे प्रत्येक फिजिओ गेल्या गेल्या मशीनच लावतो!

---

मणकेबुवा

शंकासुर, मुद्दा बरोबर आहे. त्या मार्गदर्शिका वाचूनच सांगतो: टेन्स ही मुख्य उपचारपद्धती नाही. कंबरदुखीला व्यायाम आणि हालचाल हेच मुख्य. पण त्याच वर्षी, २०२२ मध्येच, बीएमजे ओपन या वैद्यकीय नियतकालिकात ३८१ चाचण्यांचा एकत्रित आढावा आला. मशीन चालू असताना आणि बंद केल्यावर लगेच वेदना कमी होते, असा त्याचा निष्कर्ष होता. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. दीर्घकाळ फायदा होतो का, तर पुरावा तोकडा. आत्ता अर्धा तास दुखणं कमी होईल का, तर बऱ्याच जणांचं होतं. शिवाय पूर्वीच्या कित्येक चाचण्यांत जोर इतका कमी ठेवला होता की त्यातून काही सिद्ध होणार नव्हतं.

बाकी, फक्त मशीन लावून घरी पाठवणाऱ्या फिजिओबद्दलच्या तुमच्या रागाला अनुमोदन.

---

तपकीर गल्लीवाला

थोडं मशीनच्या पोटातलं. दुकानात हमखास मिळणाऱ्या स्वस्त मशीनवर फक्त "लेव्हल १ ते २०" असतं, मिलिअँपिअर कुठेच नाही. मसाजर म्हणून विकलेल्या फुलपाखराच्या आकाराच्या चिकट मशीनवर तर हर्ट्झही नसतात. घेताना पाठीमागची पट्टी वाचा. हर्ट्झची व्याप्ती, मायक्रोसेकंदांची व्याप्ती आणि कमाल मिलिअँपिअर (सोबत किती ओहमच्या लोडवर) हे तिन्ही छापलेलं नसेल तर घेऊ नका. हर्ट्झ आणि रुंदी वेगवेगळी बदलता आली पाहिजे.

ठोका दोन्ही दिशांनी जाणारा हवा, म्हणजे आधी एकीकडे, मग तितकाच उलट. एकाच दिशेने जात राहिला तर पॅडाखाली विद्युतविघटन होतं. धन पॅडाखाली आम्ल साचतं, ऋण पॅडाखाली अल्कली, आणि त्वचा भाजते.

शंका असेल तर घरी तपासता येतं. बुधवार पेठेत तपकीर गल्लीत १ किलोओहमचा पाव वॉटचा रेझिस्टर मिळेल. पॅड काढा आणि एका चॅनेलच्या दोन पिना त्या रेझिस्टरच्या दोन टोकांना लावा. १०० हर्ट्झ, १०० मायक्रोसेकंद ठेवून जोर मधोमध आणा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून रेझिस्टरच्या दोन टोकांवर धरा. समजा करंट २० मिलिअँपिअर आहे. ठोक्याचं टोक २० व्होल्टला जातं, पण ठोका सेकंदाच्या फक्त एक टक्का वेळ चालू असतो. एकाच दिशेचा असेल तर मीटर सरासरी ०.२ व्होल्टच्या आसपास दाखवेल. दोन्ही दिशांनी समतोल असेल तर शून्याजवळ राहील. साध्या मीटरच्या एसी मोडवर विसंबू नका, इतके अरुंद ठोके त्याला झेपत नाहीत. ऑसिलोस्कोप मिळाला तर प्रश्नच नाही.

---

नऱ्हे ते नाना पेठ

बॅटरीच्या मशीनला इतकं घाबरायचं कारण आहे का?

---

तपकीर गल्लीवाला

नऊ व्होल्टच्या बॅटरीवरचं असेल तर घरच्या विजेशी संबंध येत नाही, तो मोठा फायदा. चार्जिंगचं असेल तर चार्ज होत असताना अंगावर लावू नका. लहान चार्जरच्या आत एक ट्रान्सफॉर्मर फुटला तर घरची वीज आणि अंग यांच्या मधे दुसरं काहीच नसतं. भिंतीच्या प्लगवर थेट चालणारं, कंपनीचं नाव नसलेलं मशीन घरात आणूच नका.

बॅटरी अल्कलाइन घ्या. साधी झिंक-कार्बनची लोडखाली लगेच बसते, मग जोर पूर्ण फिरवला तरी काही लागत नाही आणि लोक मशीनला दोष देतात. वापर नसेल तेव्हा काढून ठेवा, पाझरली की स्प्रिंग खाते.

अजून एक. लावताना आणि काढताना जोर शून्यावर. चांगली मशीनं करंट कायम ठेवणारी असतात. ५ बाय ५ सेंटीमीटरचा पॅड अर्धा सुटला तर तोच करंट निम्म्या जागेतून जातो, म्हणजे तिथे घनता दुप्पट. सुटलेल्या कडेपाशी सुई टोचल्यासारखं होतं ते यामुळे. व्होल्टेज कायम ठेवणाऱ्या मशीनवर उलटं होतं. सैल पॅड हाताने दाबला की एकदम झटका बसतो.

---

वैशाली क

पॅड लवकर खराब होतात. आठ-दहा वापरांतच चिकटत नाहीत. काही उपाय?

---

मणकेबुवा

चिकट पॅड नीट वापरले तर साधारण १५ ते ३० वेळा चालतात. बहुतेकांचे मरतात ते तेलाने आणि बामाने. आधी जागा साध्या पाण्याने धुऊन कोरडी करा. खोबरेल, आयुर्वेदिक तेल, बाम यातलं काहीही लावलं असेल तर त्या दिवशी पॅड नको. केस दाट असतील तर कात्रीने बारीक करा. लगेच आधी दाढीचं ब्लेड फिरवू नका, बारीक चिरा पडतात आणि जळजळतं.

काढल्यावर जेलच्या बाजूवर बोटाने पाण्याचा एक थेंब पसरा, मूळ प्लॅस्टिकवर चिकटवा आणि झिपच्या पिशवीत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उघडे राहिलेले पॅड कडेने कडक होतात. पावसाळ्यात उलट, जेल ओलं होऊन घसरतं. तेव्हा थेंब न घालता थोडा वेळ उघडे ठेवा. सोनोग्राफीचं जेल चिकट पॅडांना लावू नका. ते काळ्या कार्बन रबरच्या पॅडांसाठी असतं: पातळ थर, वरून मायक्रोपोर पट्टी, झाल्यावर पुसून टाकायचं.

काढताना तार ओढायची नाही, कड धरून काढायचं. तारेच्या मुळाशीच पॅड तुटतो.

---

वैशाली क

मधुमेहामुळे तळपायाला मुंग्या आणि जळजळ असेल तर? आणि गुडघा बदललेला असेल तर आत धातू असतो, चालेल का?

---

न्यूरोनिका

दुसऱ्याचं आधी. गुडघ्यातल्या धातूमुळे टेन्सला अडचण नसते. धातूची अडचण शॉर्टवेव्ह डायथर्मीला, म्हणजे रेडिओ लहरींनी आतून शेक देणाऱ्या मशीनला, असते, त्याबद्दल खाली लिहिते.

मधुमेहात खरा प्रश्न संवेदनेचा. पॅड भाजतोय हे कळलंच नाही तर फोड, आणि फोडातून जखम. आधी डोळे मिटून तपासा, टूथपिकचं टोक आणि कापूस यातला फरक त्या जागी कळतो का? कळत नसेल तर तिथे पॅड नको. संवेदना शाबूत असलेल्या जागी, घोट्याच्या वर, लावता येईल, पण डॉक्टरांना विचारून.

टेन्स नकोच असे लोक: पेसमेकर असलेले (हृदयविकारतज्ज्ञांनी परवानगी दिली तरच) आणि आयसीडी, म्हणजे हृदयाची लय बिघडली की आतून शॉक देणारं यंत्र, बसवलेले. आयसीडी या ठोक्यांना हृदयाची गडबड समजून विनाकारण शॉक देऊ शकतं. गरोदरपणात पोटावर आणि कमरेवर घरच्या घरी लावायचं नाही. पायातल्या शिरेत रक्ताची गाठ असेल, कर्करोगाची जागा असेल, जखम असेल तर तिथे नाही. छातीच्या आरपार, म्हणजे एक पॅड पुढे आणि एक मागे, असं कधीच नाही. डोळ्यांवर नाही. अपस्मार असेल तर डोकं-मान टाळा.

आणि कंबरदुखीबरोबर पायातली ताकद जात असेल, लघवी-संडासचा ताबा सुटत असेल किंवा जांघेत बधिरपणा आला असेल, तर मशीन शोधत बसू नका. तो त्याच दिवशी इमर्जन्सीत जाण्याचा प्रकार आहे.

---

नऱ्हे ते नाना पेठ

सिंहगड रोडच्या खड्ड्यांमधून जाताना स्कूटरवर लावून बसलं तर? कंबर तिथेच तर दुखते.

---

मणकेबुवा

नको. गाडी हाणताना तार अडकली किंवा पॅड सुटून झटका बसला तर हँडल सुटेल. झोपतानाही नको, ओल्या अंगाने बाथरूममध्येही नको. ऑफिसमध्ये खुर्चीवर बसून लावा, शर्टाखाली दिसत नाही.

---

शंकासुर

माझा खरा आक्षेप वेगळा आहे. चेहरा वाकडा झाला, करंट. पाय लुळा पडला, करंट. सगळ्याला एकच डबा. यात काही शास्त्र आहे का?

---

न्यूरोनिका

शास्त्र आहे, पण डबा एकच नाही. जिवंत नस ०.१ ते १ मिलिसेकंदाच्या ठोक्यालाही उत्तर देते. फॅराडिक करंट तो हाच. पण स्नायूची नस मेली असेल तर स्नायूला थेट जागवावं लागतं आणि त्याला फार रुंद ठोका हवा, साधारण १०० मिलिसेकंदांचा. त्याला इंटरप्टेड गॅल्व्हनिक म्हणतात, क्लिनिकमध्ये नुसतं आयजी. घरच्या टेन्सची रुंदी फार तर ३०० मायक्रोसेकंद, म्हणजे ०.३ मिलिसेकंद. नस तुटलेल्या स्नायूवर ते लावून तासभर बसलं तरी काही हलणार नाही. जोर वाढवाल तसं नुसतं दुखेल.

बेल्स पाल्सीत, म्हणजे चेहऱ्याच्या नसेच्या सुजेत, महत्त्वाची गोष्ट करंट नव्हेच. पहिल्या ७२ तासांत स्टेरॉइड (प्रेडनिसोलोन) सुरू होणं आणि मिटत नसलेला डोळा वाचवणं, या दोन गोष्टी महत्त्वाच्या. दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी. सुमारे ७० टक्के लोक उपचाराशिवायही पूर्ण बरे होतात, म्हणून "करंटने चेहरा सरळ झाला" असं सांगणारे इतके भेटतात. कॉक्रेन (चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणारी संस्था) च्या २०११ च्या आढाव्यात करंटचा ठोस फायदा दिसलेला नाही. "आधी दहा दिवस मशीन, मग बघू" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा, कारण ते ७२ तास परत येत नाहीत.

---

मणकेबुवा

+१. पाय लुळा पडण्याबद्दल मी लिहितो, कारण तिथे करंट खरोखर कामाला येतो.

पक्षाघातानंतर पंजा उचलला जात नाही, बोटं जमिनीला घासतात, तो फूट ड्रॉप. इथे पायातली नस जिवंत असते, फक्त मेंदूचा हुकूम पोचत नाही. मग पाऊल उचलायच्या क्षणी नसेला बाहेरून ठोके द्यायचे. लिबर्सन यांनी १९६१ मध्ये हे दाखवलं. आज त्याला एफईएस (फंक्शनल इलेक्ट्रिकल स्टिम्युलेशन) म्हणतात.

एक पॅड गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, बारीक हाडाचं जे डोकं हाताला लागतं त्याच्या किंचित मागे-खाली, कारण पेरोनियल नस तिथून वळते. दुसरा नडगीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूवर. साधारण ३० ते ४० हर्ट्झ, रुंदी ३०० मायक्रोसेकंदांपर्यंत. पंजा वर उचलताना बाहेर वळत असेल तर वरचा पॅड थोडा पुढे सरकवा. आत वळत असेल तर मागे. अर्ध्या सेंटीमीटरनेही फरक पडतो. जागा सापडली की स्केच पेनने खूण करा.

टाचेखालच्या स्विचची भानगड वेगळीच. टाच उचलली की करंट चालू, टेकली की बंद. बुटात ते छान चालतं. आपल्याकडे घरात अनवाणी, बाहेर चप्पल, त्यात स्विच जागेवर राहत नाही. मागे पट्टा असलेली सँडल हवी, नाहीतर पायाचा कल ओळखणाऱ्या सेन्सरचं यंत्र. ते अनवाणीही चालतं.

पण पोलिओ, किंवा इंजेक्शन चुकीच्या जागी बसून सायटिक नस दुखावलेला पाय, यांत एफईएस चालणार नाही. ओळख सोपी आहे: नसेवर ठोके दिल्यावर पंजा उचलला जातो का? नाही, तर पैसे वाचवा आणि प्लॅस्टिकचा स्प्लिंट घ्या.

---

वैशाली क

सारखी लघवीला लागणं, पोचेपर्यंत न थांबणं, यासाठी घोट्याला करंट देतात म्हणे. ते खरं का?

---

न्यूरोनिका

खरं आहे. घोट्याच्या आतल्या हाडामागून टिबियल नस जाते. तिची मुळं मज्जारज्जूच्या ज्या भागातून निघतात, तिथूनच मूत्राशयाच्याही नसा निघतात. क्लिनिकमध्ये केसासारखी बारीक, ३४ गेजची सुई घोट्याच्या हाडापासून साधारण तीन बोटं वर टोचतात. २० हर्ट्झ, २०० मायक्रोसेकंद, ३० मिनिटं, आठवड्यातून एकदा, असे १२ आठवडे.

घरी टेन्सने करायचं तर एक पॅड त्या हाडाच्या लगेच मागे, दुसरा त्याच रेषेत साधारण १० सेंटीमीटर वर. आकडे तेच. जागा बरोबर असेल तर झिणझिण्या तळव्यात उतरतात किंवा अंगठा वाकतो. तळव्यात काहीच जाणवत नसेल तर पॅड हलवा. चार-पाच बैठकांत फरक दिसत नाही, आणि लोक तिथेच सोडतात. आधी लघवीची तपासणी करून जंतुसंसर्ग नाही ना ते बघा. पुरुषांत प्रोस्टेटमुळे लघवी तुंबत असेल तर तो वेगळा विषय.

---

तपकीर गल्लीवाला

रोज वापरून चार-पाच दिवसांत परिणाम बोथट होतो, ते पॅडमुळे की मशीनमुळे?

---

मणकेबुवा

बरेचदा शरीरामुळे. रोज त्याच हर्ट्झवर, त्याच जोरावर दिलं तर सवय होते. मॉड्युलेशन मोड असेल तर तो ठेवा, त्यात हर्ट्झ आपोआप वर-खाली होत राहतात. नसेल तर एक दिवस १०० हर्ट्झ, एक दिवस ४ हर्ट्झ. ट्रॅमाडॉलसारख्या अफूच्या गटातल्या गोळ्या बराच काळ चालू असतील तर सावकाश मोडचा परिणाम कमी मिळतो, कारण दोघांचं काम एकाच रिसेप्टरवर चालतं. तिथे जलद मोड वापरा. प्रयोगांत कॅफीननेही टेन्सचा परिणाम घटलेला दिसलाय, तेव्हा अमृततुल्यचे दोन कटिंग मशीन काढल्यावर घ्या.

---

न्यूरोनिका

डायथर्मीचं राहिलं होतं. पार्किन्सनसाठी मेंदूत डीबीएस (मेंदूला आतून विजेचे ठोके देणारं यंत्र) बसवलेले लोक खांदा आखडला म्हणून फिजिओकडे जातात. डीबीएसची तार मेंदूतून कवटीबाहेर येते, कानामागून मानेतून खाली गळपट्टीच्या हाडाखालच्या बॅटरीपर्यंत जाते. शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडते आणि ही लांब तार त्या अँटेनासारख्या पकडते. उष्णता जमा होते ती तारेच्या टोकाला, मेंदूत. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका केसमध्ये दात काढल्यानंतर जबड्याला डायथर्मी दिली गेली आणि रुग्णाच्या मेंदूला गंभीर इजा झाली. डीबीएस बंद ठेवून किंवा शरीराच्या दुसऱ्या टोकाला, गुडघ्याला दिली तरीही चालत नाही. शॉर्टवेव्ह, मायक्रोवेव्ह आणि अल्ट्रासाउंड डायथर्मी, तिन्ही बंद. अपस्मारासाठी व्हेगस नसेचं यंत्र किंवा पाठीच्या कण्यात स्टिम्युलेटर बसवलेल्यांनाही हेच लागू. यंत्राचं ओळखपत्र खिशात ठेवा आणि मशीनच्या टेबलावर चढण्याआधी ते फिजिओच्या हातात द्या. तोंडी "ऑपरेशन झालंय" एवढं पुरत नाही. केसपेपरवर "डायथर्मी नको" असं मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, कारण पुढच्या वेळी मशीन लावणारा दुसराच कुणी असतो.